जुनं चिरेबंदी घर आणि गळकं कौलारू छप्पर: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

राजापूर तालुक्यातलं आमचं घर जांभ्याच्या चिऱ्यांचं, वर मंगळोरी कौलं. दहा वर्षं कुलूप होतं. उघडलं तेव्हा माजघरात आकाश दिसत होतं. पुढचे पाच पावसाळे ते घर आम्हाला शिकवत राहिलं. तेव्हापासून जुलैचा पहिला धुवाधार पाऊस झाला की नातेवाइकांचे आणि त्यांच्या ओळखीच्यांचे फोन सुरू होतात, आणि प्रश्न तेच असतात. म्हणून एकदाच लिहून काढले. ही उत्तरं कोकणातल्या जांभ्याच्या, उतरत्या छपराच्या घराला लागू आहेत. घाटावरच्या काळ्या दगडाच्या, माळवदाच्या (मातीच्या सपाट छपराच्या) घराचं गणित वेगळं.

पाऊस चालू आहे, घर गळतंय. आत्ता काय करू?

आधी त्या भागातली वीज मेन स्विचवरून बंद करा. जुन्या घरात वायरी बहुधा तुळयांवरून गेलेल्या असतात आणि पाणीही त्याच वाटेने उतरतं.

मग ओल्या कौलांवर चढू नका. शेवाळ धरलेलं कौल साबणासारखं असतं आणि खालची रीप (कौलं जिच्यावर बसतात ती आडवी पट्टी) कुजलेली आहे की नाही हे वरून कळत नाही. माळा नसेल तर आतूनच शिडी लावून हात पोचतो. फुटलेल्या कौलाच्या वरच्या ओळीतलं कौल आतून काठीने जरा उचला आणि त्याच्याखाली पत्र्याचा तुकडा सरकवा. तुकड्याची वरची कड वरच्या कौलाखाली गेली पाहिजे आणि खालची कड खालच्या कौलावर आली पाहिजे. उलटं झालं तर तुम्ही पाण्याला घरात यायला पन्हळ बसवून दिलीत. पत्रा नसेल तर जाड फ्लेक्स चालतो. निवडणुकीनंतर गावात त्याचा तुटवडा नसतो.

जिथून थेंब पडतो तिथे वाशाला (छपराच्या उतरत्या लाकडाला) सुतळी बांधून तिचं दुसरं टोक बादलीत सोडा. पाणी सुतळीवरून निमूट उतरतं, शिंतोडे उडत नाहीत, रात्री टपटपही ऐकू येत नाही. आणि त्या जागी वाशाला एक चिंधी बांधून ठेवा. ऑक्टोबरात सगळं कोरडं ठणठणीत झाल्यावर कुठे गळत होतं ते कुणालाच आठवत नाही.

थेंब पडतो त्याच्या बरोबर वरचं कौल बदललं, तरी गळतंच आहे. असं का?

कारण पाणी सरळ पडत नाही. कौलाच्या फटीतून आत आलं की ते रिपेवर येतं, रिपेवरून वाशावर, आणि वाशाच्या पोटाला चिकटून उतारावर चालत राहतं. गाठ, खिळा किंवा सांधा लागला की तिथे थेंब सुटतो. म्हणजे गळतीचं तोंड एकीकडे आणि टिपूस चार-पाच फूट खाली. आमचे कौलं शाकारणारे काका म्हणायचे, "थेंबाकडे बघू नका, वाशाचा काळा पट्टा बघा." पट्टा जिथे वर संपतो, त्याच्या आसपास शोधायचं.

उन्हाळ्यात खात्री करायची असेल तर पाइपने पाणी सोडून बघा, पण खालून सुरुवात करा. वळचणीच्या दोन ओळींवर पंधरा मिनिटं पाणी, मग वरच्या दोन ओळी, असं आढ्यापर्यंत, म्हणजे छपराच्या सगळ्यात वरच्या कण्यापर्यंत. वरून सुरुवात केलीत तर सगळंच ओलं होईल आणि काहीच कळणार नाही. दुपारी दारं-खिडक्या लावून माळ्यावरून उजेडाचे कवडसे बघणं हीसुद्धा चांगली युक्ती आहे, फक्त प्रत्येक कवडसा म्हणजे गळती नव्हे. कौलं एकमेकांवर बसतात तिथून थोडा उजेड येतोच, आणि तिथूनच घराला हवाही मिळते.

एकही कौल फुटलेलं नाही. मग पाणी येतं कुठून?

हा सगळ्यात चांगला प्रश्न, आणि याची उत्तरं बरीच आहेत.

पहिला संशय आढ्यावर घ्या. तिथले कोने (आढ्यावरची वळलेली कौलं) चुन्यात किंवा सिमेंटात बसवलेले असतात. मे महिन्याच्या उन्हात तो माल तडकतो, केसाएवढी भेग पडते आणि भेगेतून पाणी आत शोषलं जातं. आमच्याकडची निम्मी गळती नुसते कोने उकलून नव्याने बसवल्यावर थांबली.

दुसरं, पालापाचोळा. आंब्या-फणसाची पानं कौलांच्या नाळीत साचतात, त्यावर शेवाळ चढतं, पाणी तुंबतं आणि कौलाच्या कडेवरून आत सांडतं. वर्षातून एकदा झाडून घेतलं तरी हा प्रश्न मिटतो.

तिसरं कारण लोकांच्या लक्षात येत नाही: वाढवलेली पडवी. मूळ घराचा उतार आजोबांच्या सुताराने बरोबर ठेवलेला असतो. पुढे कुणीतरी जागा हवी म्हणून पडवी चार फूट बाहेर काढतो. खाली डोकं आपटू नये म्हणून उतार कमी करतो. मंगळोरी कौलाला आडव्या फुटामागे निदान सहा-सात इंच उतार हवा. कोकणातल्या वाऱ्यापावसात सातच धरा. त्याहून सपाट छपरावर नैर्ऋत्येचा वारा पाणी मागे ढकलतो आणि ते वरच्या कौलाखालून चढून आत येतं. अशा पडवीवर कितीही नवी कौलं घाला, ती गळणारच. उतार वाढवा, नाहीतर तेवढ्या भागाला पत्रा घाला. तिसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.

मग उरतात दोन पाखी (छपराच्या उतरत्या बाजू) आत वळून मिळतात तिथला पत्रा, जो वीस-पंचवीस वर्षांत गंजून चाळण होतो, आणि टीव्हीची छत्री. छत्री बसवणारा मुलगा कौलांवरून जसा चालतो, तसं माकडही चालत नाही.

माकडांचं काय करायचं?

खरं सांगायचं तर ठोस उपाय नाही. कोकणात कौलं जाऊन पत्रे आले, त्यात माकडांचा वाटा फार मोठा आहे. फटाके दोन दिवस चालतात, गलोल तीन. छपरावर आलेल्या फांद्या छाटल्या तर त्यांचं येणं-जाणं बरंच कमी होतं. बाकी परसात शंभरेक कौलं उभी रचून ठेवा आणि फुटलेलं कौल त्याच आठवड्यात बदला. एक कौल फुटलं की खालची रीप भिजते, रीप कुजली की सहा कौलं सरकतात.

नवी कौलं जुन्यांत बसतात का?

बहुतेकदा नाही, आणि हे विकत घेण्याआधी तपासा. या कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला काढला, तिथूनच 'मंगळोरी' हे नाव पडलं. पुढे किनारपट्टीवर कितीतरी कारखाने निघाले आणि प्रत्येकाचा साचा सुतभर वेगळा. जुनं कौल उलटं करून बघा, पाठीवर कारखान्याचं नाव कोरलेलं असतं. साच्यांची भेसळ केली की खाचेत खाच बसत नाही आणि तिथून झड, म्हणजे वाऱ्याने तिरपा येणारा पाऊस, आत येते.

आम्ही असं केलं: मागच्या पाख्यावरची सगळी जुनी कौलं उतरवून पुढचं पाखं त्यांनी पुरं केलं आणि मागे सरसकट नवी घातली. एका पाख्यावर एकच जात. पाडलेल्या घरांची जुनी कौलंही विकत मिळतात. घेताना प्रत्येक कौल बोटाने वाजवा. खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द आवाज आला तर त्यात तडा आहे.

हिशेबासाठी: चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात, आणि मोडतोडीसाठी दहा टक्के जास्त धरा. कौलाच्या पाठीला तार ओवायला भोक असतं. वळचणीच्या दोन ओळी आणि कडेची कौलं तारेने रिपेला बांधून घ्या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड भागात घरंच्या घरं उघडी केली. वारा वळचणीखालून शिरतो आणि कडेपासून कौलं उचलायला लागतो.

सगळं काढून स्लॅब टाकला तर कटकट मिटेल ना?

कटकट बदलेल. कौलांचं वजन चौरस मीटरला ३५-४० किलो. पाच इंची स्लॅबचं ३०० किलोच्या वर. जुन्या घरांच्या भिंती बहुतेक मातीच्या चिखलात रचलेल्या असतात, चुना परवडायचा फक्त खोत-सावकारांना. अशा भिंतीवर आठपट भार टाकायचा म्हणजे आत खांब-तुळयांचा वेगळा सांगाडा उभारायला हवा. मग ते जुनं घर उरत नाही. शिवाय गावोगाव स्लॅबच्या घरांवर पावसासाठी पत्र्याच्या शेडी चढलेल्या दिसतात. त्या कशासाठी असतील, तुम्हीच विचार करा.

आणि पत्रा? निदान कौलांखाली?

कौलांखाली पत्रा हा मला मान्य असलेला मध्यममार्ग आहे, पण तो करताना सगळीकडे एकच चूक होते. पत्र्यावर थेट आडव्या रिपा ठोकून त्यावर कौलं बसवतात. मग कौलाखाली झिरपलेलं पाणी प्रत्येक आडव्या रिपेला अडून बसतं, पाचोळा साठतो आणि चार-पाच वर्षांत रिपा कुजून कौलं खाली घसरतात. आधी पत्र्यावर उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या मारायच्या, त्यांच्यावर आडव्या रिपा. म्हणजे पाण्याला खालून वाहायला वाट राहते आणि हवाही खेळते. सुताराला हे दोनदा सांगा आणि तिसऱ्यांदा समोर उभे राहा.

वासे काढायचे की ठेवायचे?

पेचकस घ्या आणि वाशाची दोन्ही टोकं टोचून बघा, विशेषतः भिंतीत गेलेलं टोक. अर्ध्या इंचाच्या आत लाकूड कडक लागलं तर वासा अजून तुमच्या नातवंडांना पुरेल. वरवर काळं पडलेलं लाकूड घाबरून काढू नका. चुलीच्या धुराने काळे झालेले वासे अनेकदा सगळ्यात चांगले निघतात. धुराने कीड लांब राहते आणि लाकूड कोरडं राहतं. गॅस आला, धूर गेला आणि वाळवी माळ्यावर चढली.

फक्त टोक कुजलं असेल तर अख्खा वासा बदलायची गरज नसते. कुजका भाग कापून बाजूने दुसरं लाकूड लावून बोल्टने आवळतात. साग महाग आहे. वाशांना किंजळ, ऐन चालतो, चौकटींना फणस उत्तम. आंबा छपरात वापरू नका, त्याला कीड फार लवकर लागते. आणि परसातलं झाड आपलंच म्हणून परस्पर तोडू नका. साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा यांना १९६४च्या वृक्षतोड कायद्याने परवानगी लागते, जमीन स्वतःची असली तरी.

लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावायची आपल्याकडची पद्धत खरोखर गुणाची आहे, वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. फक्त हातमोजे घाला. अंगावर उडालं तर फोड येतात आणि काळे डाग आठवडेच्या आठवडे जात नाहीत. लाकूड पूर्ण वाळलेलं हवं, नाहीतर ओल आत कोंडली जाते.

छप्पर नीट झालं, तरी भिंत ओली. आता?

ओल कुठवर आहे ते बघा. भिंतीच्या माथ्यापासून खाली येत असेल तर छप्पर अजून नीट झालेलं नाही. एकाच बाजूची, पश्चिमेची किंवा दक्षिणेची भिंत मधोमध ओली असेल तर ती झड. जमिनीपासून दोन-तीन फूट सरळ पट्टा असेल तर पाणी जोत्यातून चढतंय.

या तिसऱ्या प्रकारासाठी भिंतीकडे बघायच्या आधी अंगणात जा. शंभर चौरस मीटरच्या छपरावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी पागोळ्यांतून जोत्याच्या कडेला पडतं. हजार लिटरच्या दहा टाक्या. आणि असे दिवस कोकणात पावसाळाभर येत राहतात. मूळ घरांना वळचण लांब असायची, पागोळ्यांच्या रेषेत दगड बसवलेले असायचे आणि पुढे चर. नंतर कुणीतरी अंगणात काँक्रीट केलं, त्याचा उतार घराकडे झाला आणि पाणी जोत्यात मुरायला लागलं. आमच्याकडे तर मागच्या डगरीवरून पाणी थेट भिंतीला येत होतं. वरच्या गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आत हातभर खोल चर खणून पाणी बाजूच्या पऱ्ह्यात (ओहोळात) सोडलं. दोन गड्यांचं दोन दिवसांचं काम. त्याआधी त्या भिंतीवर आम्ही 'वॉटरप्रूफ' रंगाचे तीन हात दिले होते, त्याचे पैसे आठवले की अजून वाईट वाटतं.

झडीसाठी पूर्वी झावळ्यांची चुडतं भिंतीला बांधायचे. आता शेडनेट किंवा प्लॅस्टिक लावतात. दिसायला ओंगळ, पण चार महिन्यांचाच प्रश्न असतो.

सिमेंटचा गिलावा केला तर ओल थांबेल का?

दिसायची थांबेल. दोन वर्षं. जांभा सच्छिद्र दगड आहे, पाणी पितो आणि उघडीप मिळाली की सोडतो. बाहेरून सिमेंट थापलं की आत गेलेल्या ओलीला बाहेर पडायची वाटच राहत नाही. मग ती घरात शिरते, पोपडे धरतात, मीठ फुटतं, आणि एक दिवस गिलाव्याचं मोठं खपल दगडाची साल घेऊनच खाली येतं. चिऱ्यांच्या दरजा (दोन चिऱ्यांमधले सांधे) सिमेंटने भरल्या तरी हेच होतं: दरज शाबूत राहते आणि चिरा तिच्याभोवती झिजत जातो.

मग दगड उघडाच ठेवायचा? फोटोत छान दिसतो.

चिरा कसा आहे आणि वळचण किती लांब आहे, यावर ठरवा. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, आणि हवा लागून कडक होतो. दक्षिण भारतात बुकानन नावाच्या, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या डॉक्टरने १८०७ साली त्याचं वर्णन करताना 'लॅटेराइट' हे नाव दिलं, ते लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. पण सगळा चिरा सारखा नसतो. पोटात पांढरट-पिवळी माती असलेला चिरा पावसात धुपून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा होतो. असा दगड उघडा ठेवू नका.

याचं मोठं उदाहरण जुन्या गोव्यात आहे. १६०५ सालचं बॉम जेझूचं बॅसिलिका मुळात चुन्याने गिलावलेलं होतं. विसाव्या शतकाच्या मध्यावर तो गिलावा दगडाचं सौंदर्य दिसावं म्हणून काढला. तेव्हापासून पाऊस थेट चिऱ्यावर बसतो, दगड झिजतोय आणि गिलावा परत करावा की नाही यावर वाद चालू आहे. तुमच्या घराला तीन फुटांची वळचण आणि घट्ट चिरा असेल तर खुशाल उघडा ठेवा. नसेल तर चुना.

चुन्याचं काम आता कोण करतं? आणि प्रमाण काय?

माणसं कमी उरली आहेत, पण आहेत. किल्ल्यांच्या आणि देवळांच्या दुरुस्तीवर काम केलेले गवंडी शोधा. साधारणपणे एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग धुतलेली वाळू. ओलीच्या जागी वाळूतला काही भाग काढून विटांची सुर्खी (भुकटी) घालतात, त्याने चुना पाण्यातही घट्ट होतो. चुनकळी पाण्यात विरल्यानंतर तो चुना निदान काही आठवडे पाण्याखाली मुरू द्यायचा. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायची रीत जुनी आहे आणि आमच्या गवंड्याने घातलंही. खाडीची वाळू मात्र नको, तिच्यातलं मीठ भिंतीत जातं.

चुन्याला घाई चालत नाही. पातळ थर, मध्ये दिवस जाऊ द्यायचे, गोणपाट ओलं करून झाकायचं. मेच्या कडक उन्हात केलेला गिलावा तडकतो. दिवाळी ते शिमगा हा त्याचा काळ.

भिंत बाहेर फुगली आहे. धोका आहे का?

असू शकतो, आणि हे फोनवर सांगायचं काम नाही. दोन पदरी भिंतीत पाणी शिरून आतला भराव बसला की बाहेरचा पदर सुटतो. अनुभवी स्ट्रक्चरल इंजिनिअर आणून दाखवा. तोवर त्या भिंतीलगत झोपू नका आणि तिच्यावर आलेल्या वाशांना आतून टेकू द्या. नुसती भेग असेल तर तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहा. काच फुटली तर भेग अजून हलते आहे.

कामाचा क्रम काय ठेवावा?

छप्पर आणि त्याचं लाकूड, मग घराभोवतालचं पाणी, मग थांबायचं. दीड-दोन फूट जाडीची भिजलेली भिंत वाळायला एक अख्खा उन्हाळा घेते. गिलावा पुढच्या वर्षी, जमीन त्याच्यानंतर, रंग शेवटी. चाकरमान्यांना हे पटत नाही, कारण गणपतीला घर रंगवलेलं हवं असतं. आम्हीही पहिल्या वर्षी आधी रंगच दिला होता.

शाकारणीसाठी गडी होळीच्या आधी सांगून ठेवा. रोहिणी नक्षत्र निघाल्यावर सगळ्या गावाला एकदम कौलं आठवतात.

घर सामायिक आहे, भाऊबंद खर्च देत नाहीत. काय करावं?

खर्च न दिला तरी चालेल, संमती लेखी घ्या. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते आधी पाहा. फोटो काढा, खर्चाच्या पावत्या ठेवा, आणि त्याची प्रत सगळ्यांना पाठवा. घर पडत असताना कुणाला त्याची आठवण नसते. नीट झालं की हिस्से निघतात.

वादळात छप्पर उडालं तर सरकारी मदत मिळते?

पंचनामा झाला तर. ताडपत्री घालण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि त्याच दिवशी तलाठी व ग्रामपंचायतीला कळवा. सावरासावर आधी केलीत तर दाखवायला काही उरत नाही.

आम्ही वर्षातून दोनदाच जातो. घर बंद राहतं, त्याला काय करता येईल?

बंद घर लवकर जातं, हे खरं आहे. शेजारी कुणाकडे तरी किल्ली आणि थोडे पैसे ठेवा. पंधरा दिवसांनी दारं उघडून हवा खेळती करायची आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर माळ्यावर एकदा बॅटरी मारायची, एवढंच काम. आमच्याकडे शेजारच्या काकू येतात. गेल्या श्रावणात त्यांनी रात्री नऊला फोन केला: "देवघराच्या वरचं कौल सरकलंय, मी खाली परात ठेवलीय, पोरगा सकाळी चढेल." सकाळी तो चढला, कौल बसवलं, आणि सोबत पिशवीभर पाचोळा खाली टाकला.